शेजारच्या लेनमधला हात

गुरुवार, 28 सप्टेंबर 2023

अनंत चतुर्दशीच्या दिवशी पुणेकराने पुणे सोडू नये असा काही नियम नसला, तरी पहाटे साडेचारला गाडीत सामान भरताना शेजारच्या काकूंनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, तीवरून असा नियम असावा असे वाटले. विमान रात्रीचे होते. पण एकदा मिरवणुका निघाल्या की पुण्यात आणि मुंबईतही कोणता रस्ता बंद होईल याचा भरवसा नसतो, म्हणून दुपारच्या आत विमानतळ गाठायचा आणि उरलेला दिवस तिथेच बसून काढायचा, असे मी ठरवले होते. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानसेवा 2020 पासून बंद असल्यामुळे हाँगकाँगमार्गे शांघाय आणि तिथून रेल्वेने हांगझोऊ असा वळसा घ्यावा लागणार होता.

मी एकतीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यांतली जवळजवळ वीस वर्षे तालुका आणि जिल्हा पातळीच्या मैदानी स्पर्धांत स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारी पंच, म्हणून उभी राहिले. कॉलेजात असताना 100 मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, हा माझा प्रकार होता. मातीच्या ट्रॅकवर चुन्याच्या रेघा आखलेल्या असत आणि लाकडी अडथळ्याला पाय लागला तर अडथळ्याआधी आपणच पडत असू. या प्रकारात भारताची एक मुलगी हांगझोऊच्या आशियाई खेळांत पदकासाठी धावते आहे, एवढे कारण मला या प्रवासासाठी पुरेसे होते. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजीने अनुराधा बिस्वालचा 13.38 सेकंदांचा, 2002 पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मे 2022 मध्ये सायप्रसला मोडला, त्याच वर्षी तेरा सेकंदांच्या आत वेळ नोंदवली आणि जुलै 2023 मध्ये बँकॉकला आशियाई विजेतेपदही मिळवले.

विमानतळावर बसल्या बसल्या वहीत ऑगस्टमधल्या चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेचे आकडे पुन्हा उतरवले. स्लोव्हाकियाची व्हिक्टोरिया फोर्स्टर 12.72, चीनची वू यान्नी 12.76, ज्योती 12.78. पॅरिस ऑलिंपिकची पात्रता वेळ होती 12.77. म्हणजे वू एका शतांशाने आत आणि ज्योती एका शतांशाने बाहेर. वू यान्नी हे नाव मी त्या दिवशी प्रथम नीट लक्षात घेतले. जुलै 1997 चा जन्म, सिचुआन प्रांतातल्या झिगोंग शहरची. ते शहर मिठाच्या विहिरी, डायनोसॉरची हाडे आणि आकाशकंदिलांचा उत्सव यांसाठी ओळखले जाते. ज्योतीशी तिची गाठ पडणार हे ठरलेले होते, त्यामुळे माझ्या मनात तिची जागा तेव्हा केवळ ‘समोरची’ अशीच होती, हे आधीच कबूल करते.

शुक्रवार, 29 सप्टेंबर

शांघायच्या विमानतळावर भाची घ्यायला आली होती. ती तिथे नोकरीनिमित्त पाच वर्षे राहते, चिनी उत्तम बोलते आणि तिच्याशिवाय हा प्रवास मला शक्यच झाला नसता. “मावशी, फोनवरचे काहीच चालणार नाही, व्हॉट्सअॅप नाही, गूगल नाही, आईला काय सांगायचे ते माझ्याकडून सांग,” हे तिचे पहिले वाक्य. दुसरे वाक्य असे, की रोख पैसे कोणी हातात धरणार नाही, म्हणून माझे भारतातले कार्ड तिने विमानतळावरच अलीपे या पैसे देण्याच्या अॅपला जोडून दिले.

हाँगच्याओ स्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे मध्य-शरद उत्सव, आणि 1 ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन यंदा लागून आल्यामुळे आठ दिवसांची सुट्टी सुरू झाली होती. तासाभराच्या त्या प्रवासात भाचीने एक मूनकेक चार तुकडे करून माझ्यापुढे ठेवला. बाहेरून नक्षीदार, आत कमळाच्या बियांचे गोड सारण आणि मधोमध खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक. मी बलक बाजूला काढला आणि उरलेला भाग साच्यातल्या मोदकाची आठवण काढत खाल्ला. खिडकीबाहेर चंद्र वर आला होता. घरी भाद्रपद पौर्णिमा, इथे घरच्यांसोबत चंद्र पाहण्याची रात्र.

हांगझोऊला हॉटेलात पोचलो तेव्हा मैदानी स्पर्धांचा पहिला दिवस संपत आला होता आणि गोळाफेकीत किरण बालियानने कांस्य मिळवल्याची बातमी आली होती. भाचीच्या फोनवर मात्र वेगळेच चालले होते. तिथल्या वेइबो या समाजमाध्यमावर वू यान्नीचे नाव ठिकठिकाणी दिसत होते. तिचे गोंदण, शर्यतीआधी केलेला चेहऱ्याचा साजशृंगार, जाहिराती, आणि ओळख करून देताना हात उंचावून आकाशाकडे बोट दाखवण्याची तिची लकब. तिच्यावर जीव टाकणारे होते, तसेच ‘हिला धावण्यापेक्षा मिरवण्याची हौस’ असे लिहिणारेही होते. हे मला भाचीने वाचून दाखवले आणि मला आमच्या जिल्ह्यातल्या एका मुलीची आठवण झाली, जिने लाल रिबीन बांधून अंतिम फेरी धावली म्हणून एक पंच दिवसभर कुरकुरत होते. मुलगी पहिली आली होती.

शनिवार, 30 सप्टेंबर

सकाळी पश्चिम सरोवर पाहायला गेलो आणि माणसेच पाहून आलो. ज्यांना शांत सरोवर हवे असेल त्यांनी या आठवड्यात तिथे जाऊ नये, एवढेच त्याविषयी लिहिते.

दुपारनंतर मेट्रोने ऑलिंपिक क्रीडा केंद्राच्या स्थानकावर उतरलो. 80 हजार आसनांचे हे स्टेडियम छिएनथांग नदीच्या दक्षिण काठावर आहे आणि पाकळ्यांच्या आकाराच्या पोलादी छतामुळे लोक त्याला ‘मोठे कमळ’ म्हणतात. शेजारच्या टेनिसच्या इमारतीला अर्थातच ‘छोटे कमळ’. तिकीट पासपोर्टशी जोडलेले असल्यामुळे दारावर चेहरा आणि पासपोर्ट ताडून पाहिले गेले, पिशवीतली पाण्याची बाटली काढून घेतली गेली आणि लाडवांचा डबा मात्र तीन स्वयंसेवकांनी आळीपाळीने वास घेऊन परत केला.

आम्हाला जागा मिळाली होती ती सरळ धावपट्टीच्या सुरुवातीपासून थोड्या पुढे, दुसऱ्या अडथळ्याच्या समोर. प्रेक्षकाला शेवटची रेघ आवडते. मला मात्र याहून चांगली जागा कोणी दिली नसती, कारण हर्डल्सची शर्यत इथे घडते. आरंभरेषेपासून पहिला अडथळा 13 मीटरवर, पुढचे प्रत्येकी साडेआठ मीटरवर, असे दहा, आणि शेवटच्या अडथळ्यापासून साडेदहा मीटरवर शेवट. अडथळ्याची उंची 83.8 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या ओट्यापेक्षा थोडीशीच कमी. पहिल्या अडथळ्यापर्यंत आठ पावले, मध्ये तीन-तीन. ही पावले मोजून घेतलेली असतात आणि त्यांत कमीजास्त करायला वाव नसतो. त्यामुळे ब्लॉकमधून, म्हणजे आरंभरेषेमागे पाय टेकायच्या पाटांवरून, निघताना जे बिघडते ते दहाव्या अडथळ्यापर्यंत सोबत येते.

प्राथमिक फेरीआधी वू यान्नी ब्लॉक लावत होती ते मी दुर्बिणीतून पाहिले. तिने आरंभरेषेपासून पावलाने अंतर मोजले, पुढचा पाट लावला, मागचा लावला, मग टाचेने दोन्ही दाबून पाहिले, मागचा पाट एक खाच सरकवला आणि पुन्हा दाबला. जाऊन पहिल्या अडथळ्यावरून एकदा उडी घेतली आणि परत येताना प्रेक्षकांकडे पाहिलेही नाही. ही सगळी कामे तिने घाई न करता, हाताला सवय असलेल्या माणसासारखी केली. नंतर कॅमेरा समोर आला तेव्हा हात वर गेला, बोट आकाशाकडे गेले, आणि स्टेडियममधून जो आवाज उठला तो थेट छातीवर आला. आदल्या रात्री फोनवर पाहिलेली बाई आणि ब्लॉकची खाच सरकवणारी बाई या दोघी मला एकमेकींशी जुळवता येईनात, आणि त्याचा दोष मी फोनला दिला.

वू, तिची सहकारी लिन युवेई आणि ज्योती तिघीही अंतिम फेरीत आल्या. आपली नित्या रामराजही आली. त्या रात्रीच चीनने 100 मीटरची दोन्ही सुवर्णे घेतली. पुरुषांत शिए झेनये 9.97 आणि महिलांत गे मानछी 11.23. भारताला 10 हजार मीटरमध्ये कार्तिक कुमारचे रौप्य आणि गुलवीर सिंगचे कांस्य मिळाले.

परतताना मेट्रोत एक वयस्कर गृहस्थ भाचीशी बोलू लागले आणि विषय चीनचा हर्डल्सपटू ल्यू श्यांग याच्यावर गेला. 2004 ला अथेन्समध्ये 110 मीटर हर्डल्समध्ये 12.91 सेकंदांत सुवर्ण आणि जागतिक विक्रमाची बरोबरी, 2006 ला लोझानमध्ये 12.88 चा नवा विक्रम, 2008 ला बीजिंगच्या स्वतःच्या मैदानावर दुखऱ्या पायाने पहिल्याच फेरीत माघार, 2012 ला लंडनमध्ये पहिल्याच अडथळ्याला पाय अडकून पडणे. गृहस्थांनी हे सगळे वर्षांसकट सांगितले. हर्डल्स म्हटले की या देशात आनंदापाठोपाठ धास्ती येते, असे भाचीने त्यांच्या बोलण्याचे सार मराठीत सांगितले. महिलांचा इतिहासही लहान नाही. झांग यूचा 12.64 सेकंदांचा 1993 चा राष्ट्रीय विक्रम अजून उभा होता, आणि 2014 च्या इंचॉनच्या आशियाई खेळांत वू श्वेइच्याओने जिंकलेले सुवर्ण 2018 ला जकार्तात कोरियाच्या जंग हे-लिमकडे गेले होते. ते घरच्या मैदानावर परत यायला हवे होते.

रविवार, 1 ऑक्टोबर

आजचा दिवस मोठा आहे, सविस्तर लिहिते.

राष्ट्रीय दिन असल्यामुळे गालावर लाल झेंडा काढून घेतलेली मुले सकाळपासून दिसत होती. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा स्टेडियम भरलेले होते. फेकीच्या स्पर्धांत थाळी परत आणायला चार पायांचे यंत्र-कुत्रे सोडले होते. थाळी पाठीवर घेऊन ते दुडक्या चालीने येत आणि माझ्यापुढच्या रांगेतला मुलगा दर वेळी उभा राहून टाळ्या वाजवी.

आधी 3 हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची लांब शर्यत, झाली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सुरुवातीपासून पुढे राहिला आणि 8 मिनिटे 19.50 सेकंदांत एकटाच घरी आला. या शर्यतीत सुवर्ण मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. ‘अविनाश, ओढ!’ असे मी ओरडले, तेव्हा आसपासचे लोक हसले. ऐंशी हजारांत मराठीत ओरडणाऱ्या बहुधा आम्ही दोघीच होतो. मग गोळाफेकीत तजिंदरपाल सिंग तूरने शेवटच्या फेकीत सुवर्ण खेचून आणले. एकाच संध्याकाळी इतके मिळाल्यावर माणसाने आणखी मागू नये, पण मी आले होते ते हर्डल्ससाठी.

वू चौथ्या लेनमध्ये, लिन सहाव्या, ज्योती वूच्या शेजारी. नावे पुकारली गेली, हात वर गेला, बोट आकाशाकडे गेले. ‘ऑन युवर मार्क्स.’ आठही जणी ब्लॉकमध्ये गेल्या. ‘सेट.’ कंबरा वर आल्या.

स्टार्टरची नजर एकेका लेनवर नसते. तो सगळ्या रांगेकडे एकदम पाहतो आणि कुठे काही हलले तर ते त्याला हालचाल म्हणून दिसते, व्यक्ती म्हणून नव्हे. मी वीस वर्षे तसेच पाहिले, त्यामुळे त्या रात्रीही तसेच पाहत होते. डाव्या-उजव्या बाजूंची रांग स्थिर होती आणि मध्यभागी काहीतरी लवकर सुटले. वू निघाली होती. तिच्या निघण्याने ज्योतीचे हात जमिनीवरून उचलले गेले, आणि मग परत बोलावण्याचा आवाज आला.

ब्लॉकमागच्या यंत्राला बंदुकीनंतर सेकंदाच्या एक दशांशाच्या आतला दाब दिसला, तर धावपटू आवाज ऐकून नव्हे तर अंदाजाने निघाला असे धरतात. 2010 पासून पहिल्याच चुकीला बाद करण्याचा नियम आहे. पूर्वीसारखी एक सवलत राहिलेली नाही. अधिकारी तिरप्या रेघेने विभागलेले लाल-काळे कार्ड घेऊन आले आणि ते ज्योतीलाही दाखवले गेले. माझ्या तोंडून ‘अहो, ती नव्हे’ एवढेच निघाले.

मग जे झाले ते मी इतक्या मोठ्या स्पर्धेत कधी पाहिले नव्हते. ज्योती हटली नाही. तिने शेजारच्या लेनकडे हात करून दाखवले, अधिकाऱ्यांशी बोलत राहिली, आणि दोघी जणी धावपट्टीच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर पुनर्दृश्य पाहू लागल्या. वूही जागची हलत नव्हती. बाकीच्या सहा जणी पाय झटकत, उड्या मारत अंग गरम ठेवायचा प्रयत्न करत होत्या. हर्डल्सच्या मुलीला इतका वेळ उभे ठेवणे ही शिक्षाच असते. प्रेक्षक आधी ‘वू यान्नी’ असा घोष करत होते, मग ते नुसतेच गुणगुणू लागले. शेवटी दोघींनाही निषेधाधीन धावू द्यायचे ठरले, म्हणजे आधी धावा आणि निकाल नंतर पाहू.

दुसऱ्या वेळी शर्यत सुरळीत सुटली. लिन युवेई दुसऱ्या अडथळ्यालाच, माझ्या डोळ्यांसमोर, पुढे होती आणि 12.74 सेकंदांत पहिली आली. वू 12.77, ज्योती 12.91, जपानची युमी तनाका 13.04. लिनने झेंडा घेतला, वूने तिला मिठी मारली. पडद्यावर चीन, चीन, भारत असा क्रम उमटला आणि स्टेडियम आनंदाने उसळले.

बऱ्याच वेळाने तो क्रम बदलला. वू यान्नी बाद, ज्योती दुसरी, तनाका तिसरी. पॅरिसच्या पात्रतेइतकीच नेमकी असलेली वूची 12.77 ही वेळ पडद्यावरून पुसली गेली. मागच्या रांगेतली एक तरुणी रडत होती. भाची म्हणाली, “मावशी, आता टाळ्या वाजवायच्या की नाही?” मी वाजवल्या, पण हळू. 12.91 ही ल्यू श्यांगची अथेन्समधली वेळ, हे मेट्रोतल्या त्या गृहस्थांना सांगावे असे उगीचच वाटून गेले.

सोमवार, 2 ऑक्टोबर

चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्याचा अठरावा दिवस. समुद्राची भरती या दिवसांत छिएनथांगच्या नरसाळ्यासारख्या मुखातून भिंतीसारखी आत शिरते आणि नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जाते. ती कोणत्या ठिकाणी केव्हा पोचणार याचे वेळापत्रक आधीच जाहीर होते. लोक ते पाहायला शेकडो वर्षे येत आले आहेत. आम्ही शहरातच काठावर गर्दीत उभ्या राहिलो. आधी लांबून मालगाडी यावी तसा आवाज आला, मग पाण्यावर एक पांढरी रेघ दिसली, आणि ती पुढून गेली तेव्हा मागचे पाणी पुढच्या पाण्यापेक्षा हातभर उंच होते. अर्ध्या मिनिटात सगळे आटोपले.

भाची फोनवर वाचत होती. भारतातून मैत्रिणींकडून तिला जे येत होते त्यात वू ‘फसवणारी’ होती, आणि वेइबोवर तीच वू ‘देशाची लाज’ झाली होती. ज्यांनी चोवीस तासांपूर्वी तिच्या बोटावर कौतुकाची फुले उधळली होती, तेच आता त्या बोटाचा हिशेब मागत होते. वूने माफी मागितल्याचेही तिने सांगितले. मला या दोन्ही बाजू पटल्या नाहीत. लवकर निघणे ही चूक असते, कपट नव्हे. घरच्या ऐंशी हजारांपुढे, राष्ट्रीय दिनी, बंदूक उडण्याची वाट पाहत कंबर वर धरून थांबणे काय असते हे ज्यांनी कधी केले नाही, त्यांनी ते शब्द वापरले. तिने नंतर तक्रार लढवली हे मात्र मला खटकले, कारण पुनर्दृश्य तिनेही पाहिले होते. अर्थात माझ्या आयुष्याची आठ वर्षे त्या दोन सेकंदांवर लागलेली असती, तर मीही पडद्यावर जे दिसते त्यापेक्षा वेगळे काही शोधलेच असते.

काठावर बसून मी भाचीला एक गोष्ट सांगितली, जी घरात आजवर कोणाला सांगितली नव्हती. 2011 मधली एक आंतरशालेय स्पर्धा, मुलींची हर्डल्स, स्टार्टर मी. नवा नियम अंगवळणी पडलेला नव्हता. मधल्या दोन लेनमध्ये हालचाल झाली आणि मी बोट दाखवले ते चुकीच्या मुलीकडे. तिचे हात हलले होते खरे, पण शेजारणीच्या हलण्याने. ती काही बोलली नाही. पंचांशी बोलायचे नसते असे तिला आम्हीच शिकवले होते. ब्लॉक उचलून ती बाजूला जाऊन बसली. संध्याकाळी एका पालकाने काढलेले चित्रण पाहिले तेव्हा मला माझी चूक कळली, आणि निकाल लागून गेला होता.

“मग?” भाचीने विचारले.

मग काही नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत तिचे नाव नव्हते.

मंगळवार, 3 ऑक्टोबर

सकाळच्या रेल्वेने शांघाय. स्थानकावरच्या दुकानात ऑस्मँथसच्या फुलांची वडी घेतली. त्या फुलांचा वास आपल्या प्राजक्तापेक्षा गोड आणि जरा जड. भाची फलाटावरून वळताना म्हणाली, “मावशी, तिला शोधून काढ ना.” मी ‘बघू’ म्हटले.

परत आल्यावर एक बातमी वाचली, ती इथेच नोंदवते. शर्यतीनंतर लिन आणि वू यांनी मिठी मारली, त्या छायाचित्रात त्यांच्या कमरेवरचे लेनचे आकडे, 6 आणि 4, शेजारी शेजारी आले होते. 4 जून 1989 ला बीजिंगच्या तियानआनमेन चौकातल्या आंदोलकांवर झालेल्या लष्करी कारवाईकडे हा आकडा बोट दाखवतो म्हणून चिनी संकेतस्थळांवरून ते छायाचित्र काढून टाकण्यात आले. एकाच रात्री वूची वेळ नियमाने पुसली गेली आणि तिने मैत्रिणीला मारलेली मिठी आकड्यांमुळे. पहिल्या पुसण्याविषयी मला काही म्हणायचे नाही.

वहीतल्या या नोंदी नीट लिहून काढेपर्यंत 2025 उजाडले. मे महिन्यात कोरियातल्या गुमी इथे आशियाई मैदानी स्पर्धा झाल्या आणि 29 तारखेला मी घरी फोनवर हर्डल्सची अंतिम फेरी पाहिली. ज्योती 12.96 सेकंदांत स्पर्धेचा विक्रम करून पहिली, तनाका 13.07 मध्ये दुसरी आणि शतांशात तितक्याच वेळेत वू यान्नी तिसरी. त्याच दिवशी अविनाशने स्टीपलचेसही जिंकली. ‘सेट’ म्हटल्यावर मी ज्योतीकडे पाहायचे ठरवले होते, पण नजर शेजारच्या लेनांवरून फिरून आली. कोणीच हलले नाही.